ब्लूग्रासमध्ये हात मंदावतो तेव्हा: वय किती, आजार किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ६३, ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीतातला पाच तारांचा बँजो पंचेचाळिशीत हाती घेतला, अमेरिकेतल्या शार्लट शहराजवळच्या आठवड्याच्या जॅमला (एकत्र वाजवायच्या बैठकीला) नेमाने जाता. तीन वर्षांपूर्वी मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर) १३० ला, म्हणजे मिनिटाला १३० ठोक्यांना, आरामात वाजायचं. आता १०५ च्या पुढे गेलं की उजव्या हाताचं मधलं बोट मागे राहतं आणि रोल (तीन बोटांनी ठरावीक क्रमाने वाजवायची स्वरांची माळ) लंगडतो. मधुमेह बारा वर्षांचा, गोळ्या चालू. डॉक्टरांनी ‘वय झालं की व्हायचंच’ म्हणून विषय संपवला आणि घरून बँजो विकून टाकायची सूचना आली आहे. (ही सूचना बँजोवाल्यांना कुठल्याही वयात येते, तिचा वेगाशी काही संबंध नाही.) जॅम सोडू का आणि हलका बँजो घेऊ का, असंही विचारता.

आधी निकाल सांगते, मग कारणं. तुम्ही १३० वरून १२० वर आला असता आणि सगळीच बोटं जराशी जड झाली असती, तर मीही वय म्हणूनच सोडून दिलं असतं. पण तुमचं एकच बोट मागे पडतंय, तेही एकाच हाताचं. वय असं एकेका बोटाला गाठत नाही. ते दोन्ही हातांवर, सगळ्या बोटांवर, वर्षानुवर्षं आणि लक्षातही येऊ नये इतकं हळू चढतं. एकच बोट, एकच बाजू, किंवा थोड्या महिन्यांत पडलेला मोठा फरक दिसला की मी वय बाजूला ठेवते आणि आजार शोधायला लागते. यातले बरेच आजार बरे होतात, उरलेले निदान आटोक्यात ठेवता येतात. म्हणून ‘वय झालं’ हे उत्तर मला पटत नाही.

मी हातांची फिजिओथेरपी करते, इथेच नॉर्थ कॅरोलायनात, आणि संध्याकाळी मॅन्डोलिन वाजवते. दवाखान्यात आणि जॅममध्ये समोर येणारे हात जवळजवळ एकाच वयाचे असतात, साठीच्या अलीकडचे-पलीकडचे. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडे विचारला जातो.

आता जरा हिशेब करू, कारण ‘वेग कमी झाला’ म्हणजे नेमकं काय कमी झालं हे बहुतेकांनी कधी मोजलेलं नसतं. ब्लूग्रासमध्ये मेट्रोनोमच्या एका ठोक्याला चार स्वर धरले, तर १३० ला सेकंदाला साडेआठच्या वर स्वर निघतात आणि १०५ ला बरोबर सात. बँजोवर ते अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्यात वाटले जातात. म्हणजे १३० लाही एका बोटाच्या वाट्याला सरासरी सेकंदाला तीनच्या आत फटके. साठीतला निरोगी माणूस टेबलावर नुसती तर्जनी आपटायला लागला तर सेकंदाला चार-पाच वेळा सहज आपटतो. मग अडतं कुठे? बोटाच्या ताकदीत नाही, बोटाबोटांतल्या पाळीत अडतं. कोणी कोणाच्या मागे, किती अंतराने, आणि परत यायला किती उशीर.

मॅन्डोलिन आणि फ्लॅटपिक गिटारची (चिमटीत धरलेल्या एकाच चपट्या पिकने, म्हणजे तार छेडायच्या चकतीने, वाजवायची) गोष्ट वेगळी. तिथे सगळे फटके एकट्या मनगटाच्या माथी. १३० ला सेकंदाला चारहून जास्त वेळा मनगट खाली-वर जायला हवं, आणि तेही सलग मिनिटभर. त्यामुळे वय आणि कोपर-मनगटाची दुखणी फ्लॅटपिकवाल्यांना आधी कळतात, बँजोवाल्यांना उशिरा. फिडलवाल्याला बो धरणारा खांदा आधी सांगतो. एकाच जॅममधले चौघे ‘म्हातारपण’ म्हणतात तेव्हा ते चार वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

आणखी एक. आपण स्वतःला ज्या मापाने मोजतो ते माप कोणाच्या हाताचं आहे हेही बघा. बँजोवादक अर्ल स्क्रग्ज १९४५ च्या डिसेंबरात ब्लूग्रासचे जनक बिल मनरो यांच्या बँडमध्ये आले तेव्हा ते २१ वर्षांचे होते. त्यांची बँजोची धून ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ १९४९ मध्ये ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा २५. आज प्रत्येक बँजोवाला ज्या वेगाला ‘खरा वेग’ समजतो तो पंचविशीतल्या एका असामान्य हाताचा वेग आहे. त्याच स्क्रग्ज यांना १९९६ मध्ये खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रिकव्हरी रूममध्येच हृदयविकाराचा झटका आला आणि बायपास करावी लागली. त्यानंतर २००१ मध्ये, ७७ व्या वर्षी, त्यांनी हीच धून मित्रमंडळींसोबत पुन्हा ध्वनिमुद्रित केली आणि पुढच्या वर्षी तिला ग्रॅमी मिळालं. मी मुद्दाम हे उदाहरण देते, कारण खुबा, हृदय आणि सत्तरी या तिन्हींनंतरही बोटांची पाळी टिकते, हे त्यातून कळतं.

वय खरोखर काय घेतं? स्नायूंतले झटपट आकसणारे तंतू आधी बारीक होतात. नसांतून संदेश जायला किंचित वेळ लागतो. टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) ताठ होतात, बोटांच्या टोकांची जाणीव बोथट होते. दोन फटक्यांमधलं अंतर पूर्वीइतकं एकसारखं राहत नाही, आणि माझ्या मते ऐकणाऱ्याला वेगापेक्षा हेच आधी जाणवतं. शिवाय थकवा उतरायला वेळ लागतो. शनिवारी चार तास वाजवलं की तिशीत रविवारी काही होत नसे, साठीत मंगळवारपर्यंत हात आखडलेला असतो.

पण या सगळ्याचा सूर उतरता असला तरी वाजवणाऱ्यांच्या बाबतीत एक महत्त्वाची सूट मिळते. राल्फ क्राम्पे आणि अँडर्स एरिक्सन या संशोधकांनी १९९६ मध्ये पियानोवादकांवरचं एक काम प्रसिद्ध केलं. साठीतले व्यावसायिक वादक साध्या प्रतिक्रियेच्या चाचण्यांत इतर साठीच्या लोकांइतकेच मंद निघाले, पण पियानोशी संबंधित बोटांच्या कामात तरुण व्यावसायिकांच्या बरेच जवळ राहिले. आणि कोण किती टिकलं हे त्यांनी अलीकडच्या वर्षांत किती नेटाने रियाज चालू ठेवला त्यावर अवलंबून होतं. त्याआधी १९८४ मध्ये टिमोथी सॉल्टहाउस यांना टायपिस्टांमध्ये असंच दिसलं होतं. वयस्क टायपिस्टांची बोटं मंद होती तरी टायपिंग मंद नव्हतं, कारण ते मजकुरात जास्त पुढचं वाचत होते. जॅममधले जुने वादक नेमकं हेच करतात. त्यांचा हात या मापात (धुनीच्या ठरावीक ठोक्यांच्या तुकड्यात) असतो आणि डोकं पुढच्या दोन मापांत. तरुणाचा हात पळतो, म्हणून त्याला पुढचं बघायची गरज पडत नाही.

आता तुमच्या मधल्या बोटाकडे येऊ. मधुमेह आहे आणि एकच बोट मागे पडतंय, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर तीन शक्यता येतात, आणि तिन्ही घरी थोड्याफार तपासता येतात.

पहिली ट्रिगर फिंगर. बोट वाकवणारा टेंडन तळहातात, बोटाच्या बुडाशी, एका आखूड बोगद्यातून जातो. तो सुजला की अडकतो आणि मग एकदम सुटतो. मधुमेह्यांमध्ये हे इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतं. सकाळी उठल्यावर मूठ वळा आणि सावकाश उघडा. मधलं बोट उशिरा, टक्कन उघडतं का? तळहातावर त्या बोटाच्या बुडाशी दाबलं तर दुखतं का? पूर्ण अडकायच्या बरंच आधी, नुसत्या खरखरीच्या अवस्थेतही, बँजोवर फरक दिसतो. तुमच्या रोलमध्ये ते बोट परत यायला लागणारा वेळ वाढतो, आणि १०५ च्या खाली तो वेळ लपून जातो. यावर आधी स्प्लिंट, मग स्टेरॉइडचं इंजेक्शन, नाहीच जमलं तर भूल फक्त हाताला देऊन छोटी शस्त्रक्रिया. इंजेक्शन घेतलं तर पुढचे काही दिवस साखर वर जाते. हे तुमच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा म्हणजे घाबरायला होणार नाही.

दुसरी कार्पल टनेल. मनगटातून जाणारी नस दबते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री, आणि माणूस झोपेतून उठून हात झटकतो. बँजोवाल्याची नेमकी तीन बोटं! उजवं मनगट वाकवून बँजोच्या हेडवर (ताणलेल्या पडद्यावर) टेकवून वाजवायची सवय असेल तर त्यात भरच. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावून बऱ्याच जणांना आराम पडतो. पण अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसायला लागला असेल तर वाट बघू नका. तोवर नस बरीच दबलेली असते आणि गेलेली ताकद पुरती परत येईलच असं नाही. थायरॉइड कमी असलेल्यांनाही हा त्रास जास्त होतो, तेव्हा रक्त तपासताना तेही बघून घ्या.

तिसरी जरा विचित्र आहे आणि तिलाच बहुतेक जण ओळखत नाहीत: फोकल डिस्टोनिया. दुखत नाही, मुंग्या नाहीत, चहाचा कप धरताना, सही करताना बोट अगदी ठीक. फक्त बँजो घेतला की ते आपोआप आत वळतं किंवा ताठ बाहेर राहतं. बिघाड बोटात नसून मेंदूत त्या बोटाच्या हालचालीचा जो नकाशा असतो त्यात असतो. घरी एकच प्रयोग करा. बोटांत घातलेले धातूचे पिक काढून उघड्या बोटांनी तोच रोल वाजवा, मग मधल्या बोटाचं पिक बदलून वाजवा. स्पर्श बदलल्याबरोबर बोट एकदम सुधारलं तर डिस्टोनियाचा संशय वाढतो. आणि यात जिद्दीने जास्त रियाज करणं हा सर्वांत वाईट उपाय, कारण बिघडलेला नकाशाच पक्का होतो. हालचालींच्या विकारांत काम करणारे न्यूरॉलॉजिस्ट शोधा. बोट्युलिनमची इंजेक्शनं आणि सावकाश नव्याने शिकणं असे मार्ग आहेत. काहींना चांगला गुण येतो, काहींना बेताचा.

याशिवाय आणखी एक गोष्ट करा, दहा सेकंदांची. नमस्कार करा. दोन्ही तळवे आणि सगळी बोटं एकमेकांना पूर्ण टेकतात का, की बोटांच्या सांध्यांमध्ये फट राहते? बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात साखर कोलॅजन या शरीरातल्या प्रथिनाला चिकटत जाते, कातडी आणि टेंडन कडक होतात, आणि नमस्कार पुरा जुळत नाही. डॉक्टर मंडळी हीच खूण बघतात. डाव्या हाताची बोटं, विशेषतः करंगळी, यामुळे पूर्वीइतकी फाकत नाहीत आणि माणूस ‘फ्रेटबोर्ड (तारा दाबायची पट्टी) लांब झाला’ म्हणतो. फट असेल तर एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि हातांचे स्ट्रेचिंग या दोन्हींकडे लक्ष द्यायची वेळ आली आहे. आणि तळहात टेबलावर सपाट ठेवून बघा. अनामिका किंवा करंगळी टेबलाला टेकतच नसेल, तळव्यात दोरीसारखी गाठ लागत असेल, तर तो ड्युप्युट्रेन नावाचा आजार. मधुमेह्यांत तेही जास्त.

तुम्ही शाकाहारी आहात का ते लिहिलेलं नाही. असाल आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असाल तर बी-१२ तपासून घ्या. मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होऊ शकतं आणि शाकाहाराने ते आधीच काठावर असतं. आपल्या लोकांत हे दोन्ही एकत्र फार वेळा भेटतं, आणि इथले डॉक्टर शाकाहाराबद्दल विचारतातच असं नाही. बोटांच्या टोकांची जाणीव गेली की तार कुठे आहे हे बोटाला कळत नाही, ते शोधत शोधत वाजवतं, आणि वेग पडतो.

तुम्हाला कंपाचा त्रास नाही, पण हे वाचणाऱ्या कोणालातरी असेल, म्हणून दोन शब्द. काही धरताना किंवा करताना हात थरथरतो तो बहुतेक वेळा इसेन्शियल ट्रेमर. हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो, एकाच बाजूने सुरू होतो, हालचाली लहान होत जातात, अक्षर बारीक होतं, तेव्हा पार्किन्सन्सचा विचार करावा लागतो. रोल ठसक्यात सुरू होऊन चार मापांत पुटपुटल्यासारखा होत गेला आणि तोच प्रकार अंगठा आणि तर्जनी मोठी उघडून पुन्हा पुन्हा एकमेकांना टेकवतानाही दिसला, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवायला उशीर करू नका. ट्रेमरवर गोळ्या असतात, आणि अगदी टोकाच्या वेळी शस्त्रक्रियाही. बँजोवादक एडी ॲडकॉक यांच्या उजव्या हाताला कंप होता. २००८ मध्ये, सत्तरीत, नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट रुग्णालयात त्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवला, आणि तो योग्य जागी बसला का हे कळावं म्हणून ते जागेपणी, शस्त्रक्रियेच्या टेबलावर, बँजो वाजवत होते. त्याचं चित्रीकरण खूप लोकांनी पाहिलं आहे. माझ्याकडे कोणी ‘या वयात आता काय’ म्हणालं की मी हे सांगते.

औषधांची यादीही एकदा काढा. दम्याचा पंप, थायरॉइडची जरुरीपेक्षा जास्त झालेली गोळी, यांनी हात थरथरतात. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्या दुसऱ्या दिवशीपर्यंत हात सुस्त ठेवतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक्सनी टेंडनला इजा होऊ शकते. साठीनंतर आणि स्टेरॉइड चालू असताना हा धोका वाढतो, आणि सुट्टीत गावी गेल्यावर ही औषधं फार सहज हातात येतात. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने मात्र थांबवू नका, विचारून ठरवा.

कानांचा संबंध लोकांना पटत नाही. वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी झालं की पिकचा ‘टिक’ ऐकू येत नाही, माणूस नकळत जोरात मारायला लागतो, मनगट आवळतं आणि वेग जातो. वेगाची तक्रार घेऊन आलेल्यांना मी कानही तपासून घ्यायला सांगते. कानातलं यंत्र असेल तर ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम मागून घ्या. बोलण्यासाठीचं सेटिंग बँजोची पार वाट लावतं.

डॉक्टरकडे जाताना दोन गोष्टी घेऊन जा. एक, फोनवर काढलेला व्हिडिओ, उजवा हात जवळून, ९० ला, १०५ ला आणि ११५ ला. दोन, शक्य असेल तर बँजो. स्वस्थ पडलेला हात बघून वादकाचा आजार कळत नाही. ‘वय झालं’ म्हणणारे बरेचसे डॉक्टर हात वाजवताना बघायलाच मागत नाहीत. भेट हँड सर्जनची किंवा हँड थेरपिस्टची घ्या, आणि मुंग्या असतील तर नर्व्ह कंडक्शन टेस्ट मागा.

समजा सगळं तपासलं, काही निघालं नाही किंवा निघालं ते आवरलं. तरी पंचविशीतला वेग त्रेसष्टाव्या वर्षी येणार नाही, आणि तो आणायचाही नाही. मग रियाज कसा करावा?

आधी हात गरम. इथल्या हिवाळ्यात कोमट पाण्यात पाच मिनिटं हात बुडवणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. मग दहा मिनिटं अगदी सावकाश, ७० च्या आसपास, आणि त्यात डावी बोटं तारेपासून किती उंच उडतात ते बघा. अर्धा इंच उडत असतील तर तिथेच वेग हरवतोय. मेट्रोनोम दर दिवशी पाचाने वाढवत नेण्याची जुनी पद्धत वयस्क हाताला मानवत नाही. त्याने थकवा आधी येतो आणि वेग नंतर. त्याऐवजी एकच माप १२० ला वाजवा आणि थांबा. हात पूर्ण सैल सोडा. पुन्हा एक माप. हे जमलं की दोन मापं. छोट्या तुकड्यात वेग आणि मध्ये विश्रांती, एकूण पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. शनिवारी सलग तीन तास बसून आठवड्याचा रियाज उरकणाऱ्यांचीच टेंडन माझ्याकडे येतात.

जबडा आणि खांदे बघा. १०५ ला तुमचे दात आवळले जात असतील तर अडचण बोटात नाही.

दुसरा मार्ग स्वर कमी करण्याचा, आणि तो मला जास्त आवडतो. रोलमधले सगळे चार स्वर प्रत्येक ठोक्याला वाजायलाच हवेत असा नियम नाही. धून जिथे आहे ते स्वर ठेवा, भरतीचे सोडा, अधूनमधून पिंच (दोन तारा एकदम छेडणं) टाका. १२५ च्या गाण्यात अर्धे स्वर सोडलेला ब्रेक (एकट्याने पुढे येऊन वाजवायची पाळी) वेळेवर पडला तर घाईघाईने भरलेल्या ब्रेकपेक्षा चांगला लागतो, आणि बास वाजवणारा तुमच्याकडे बघून मान हलवतो. ब्लूग्रासमध्ये ‘फास्ट’ म्हणण्यापेक्षा ‘गुड टाइम’ (ठेका अचूक) म्हणणं ही मोठी दाद असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

मॅन्डोलिनवाल्यांसाठी एक खास सूचना, कारण इथे मी स्वतः रोज हेच करते. जी चा चार बोटांचा चॉप कॉर्ड (साथीसाठी तुटक मारायचा स्वरसमूह) करंगळीला सातव्या फ्रेटपर्यंत ताणतो, आणि तो ताण साठीनंतर दर ऑफबीटला (दोन मुख्य ठोक्यांच्या मधे) घेणं म्हणजे अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याला शिक्षा. दोन किंवा तीन स्वरांचा चॉप घ्या. गर्दीत कोणालाही फरक कळत नाही, कारण चॉपमध्ये ऐकू येतो तो ठोका, स्वर नाही. त्या सांध्याचा संधिवात बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो, रजोनिवृत्तीनंतर विशेष. लहान, गुळगुळीत पिक चिमटीत धरून ठेवायला लागणारा जोर त्याला छळतो. मोठं त्रिकोणी, जरा जाड पिक घेतलं की पकड आपोआप सैल होते.

फ्लॅटपिक गिटारवाल्यांनी कोपर जपावा. टोनी राइस हे या वाद्यातलं सगळ्यांत मोठं नाव म्हणता येईल. १९९४ मध्ये त्यांचा गाता आवाज गेला, आणि पुढे टेनिस एल्बो आणि संधिवाताने गिटारही थांबवलं. २०१३ मध्ये रॅली शहरात ब्लूग्रासच्या हॉल ऑफ फेममध्ये (मानाच्या यादीत) त्यांचा समावेश झाला त्या रात्रीनंतर त्यांनी लोकांसमोर गिटार वाजवलं नाही. तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. दुसरीकडे गिटारवादक डॉक वॉटसन ८९ व्या वर्षी, २०१२ च्या एप्रिलमध्ये, मृत्यूच्या महिनाभर आधी, मर्लफेस्ट या संगीत महोत्सवाच्या मंचावर होते. तेव्हा जन्मतारखेवरून कोणाच्या हाताचं भाकीत करू नये. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय आणि कप उचलताना कळ येतेय, तर मिडियम गेजच्या (मध्यम जाडीच्या) तारा काढून लाइट (बारीक) लावा, ॲक्शन (तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची) खाली आणा, आणि काही आठवडे ब्रेक सोडून फक्त साथ करा. दुखत असताना वाजवत राहिलात तर आठवड्यांचं काम वर्षावर जातं.

जॅम सोडू का, असंही तुम्ही विचारलंय. सोडू नका, पण तिथलं काम बदला. आपल्या पाळीला गाणं आपण सुरू करतो, आणि जो सुरू करतो तो पट्टी आणि वेग ठरवतो, ही ब्लूग्रासची रीतच आहे. तुमच्या पाळीला ११० ला सुरू करा, कोणी तोंड वाकडं करणार नाही. दुसऱ्याने १४० ला सुरू केलं तर ब्रेक न घेता मान हलवून पुढच्याला द्या आणि ऑफबीटला व्हॅम्प (तुटक कॉर्डची साथ) करत राहा. त्यात सेकंदाला दोन-अडीच फटके पुरतात आणि गाणं उभं राहतं. बँजोवादक आणि गायक राल्फ स्टॅन्ली यांनी उतारवयात बँजोचा मोठा भार बँडमधल्या दुसऱ्यावर सोपवला आणि स्वतः गाण्याला पुढे केलं. पंच्याहत्तरीत त्यांना ग्रॅमी मिळालं ते एकही वाद्य नसलेल्या गाण्यासाठी. जॅममध्ये तिसरा आवाज लावणारे नेहमीच कमी असतात, त्यामुळे तुम्हाला गाता येत असेल तर जागा रिकामीच आहे.

राहिला हलक्या बँजोचा प्रश्न. रेझोनेटर (मागचं लाकडी झाकण) आणि धातूची टोन रिंग (आतली जड कडी) असलेला बँजो पाच-सहा किलोंचा असतो आणि उभं राहून वाजवताना तो सगळा डाव्या खांद्यावर येतो. मधुमेहात फ्रोझन शोल्डरही जास्त, तेव्हा हात डोक्यावर नेऊन केस विंचरता येतात का, पाठीमागे कमरेपर्यंत जातो का हे आधी बघा. जात नसेल तर बँजो बदलून उपयोग नाही, खांद्यावर उपचार हवेत. जात असेल तर आधी रुंद पट्टा घ्या आणि बसून वाजवा. त्यानेही भागलं नाही तर टोन रिंग नसलेला, लाकडी रिमचा बँजो घ्या. तो दीड-दोन किलोंनी हलका पडतो, आणि एखाद्या मित्राचा महिनाभर आणून वाजवून बघितला तर पैसे घालायच्या आधी कळेल. मधल्या बोटाचा निकाल लागेपर्यंत मात्र नवं काही विकत घेऊ नका आणि जुनं काही विकूही नका. आधी सकाळची मूठ बघा, रात्रीच्या मुंग्या आठवा, पिक काढून रोल वाजवा, आणि काय दिसलं ते कळवा.